पाईपात पिंपळाची मुळं घुसली असतील तर काय करायचं

आमच्या तळमजल्याच्या मोरीतनं पाणी उलटं यायला लागलं तेव्हा पहिला संशय अर्थातच वरच्या मजल्यांवर, कुणीतरी परत संडासात पॅड नाहीतर फडकं टाकलं असणार म्हणून. दोनदा प्लंबर आला, बांबूची पट्टी मारली, पैसे घेऊन गेला, तीन आठवड्यांनी परत तेच. तिसऱ्या वेळी पट्टीच्या टोकाला जे बाहेर आलं ते बघून सगळे गप्पच झाले. हातभर लांब, तपकिरी, ओल्या वेणीसारखं, साबणाच्या चिकट्याने माखलेलं. कंपाउंडच्या भिंतीतल्या पिंपळाचं मूळ.

तर आधी मुळंच आहेत का ते ओळखा. तेलकट गाळाने तुंबलेली लाईन एकदा साफ केली की बरेच महिने गप्प बसते, मुळांची मात्र हप्ता ठरल्यासारखी परत तुंबते. फ्लश केला की मोरीच्या जाळीतनं गुडगुड ऐकू येतं. मग चेंबरची झाकणं बिल्डिंगकडनं रस्त्याकडे एकेक करत उघडायची, एक चेंबर भरलेलं आणि पुढचं रिकामं म्हणजे लोचा त्या दोघांच्या मधल्या पाईपात. रस्त्यालगतच्या शेवटच्या चेंबरपर्यंत सगळीच भरलेली असतील तर बहुतेक बाहेरची लाईन तुंबलीय, मुंबईत असाल तर महापालिकेच्या १९१६ वर कंप्लेंट टाका, सोसायटीचे पैसे घालू नका. झाकण उघडल्या उघडल्या वाकून बघायचं नाही, आत वायू साठलेला असतो. आणि माणूस आत उतरवायचा नाही म्हणजे नाहीच, सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

आता मुद्द्याचं. मूळ धडधाकट पाईप फोडून आत येत नाही हो, पाईप आधीच गळत असतो! जुन्या बिल्डिंगीत जमिनीखाली चिनीमातीचे पाईप, दर थोड्या अंतरावर सिमेंटचा सांधा, तो तडकला आणि पाणी झिरपायला लागलं की केसाएवढं मूळ तिथे पोचतं, आत खतपाणी फुकटच, मग ते आत जाळं विणतं, त्यात केस, भात, कपड्याचे धागे अडकतात, आणि मूळ जाड झालं की सांधा अजून फाकतो. भिंतीवरच्या उभ्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाईपांची तीच कथा, पक्ष्यांच्या विष्ठेतनं बी मागच्या फटीत पडतं.

म्हणून नुसतं कापून भागत नाही. आम्ही जेटिंगची गाडी बोलावली, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारून लाईन साफ करणारी, मुळं कापणारा नोझल आहे का ते आधीच फोनवर विचारून घ्या, साधा नोझल लावून वरवर धुवून जातात. त्यानंतर कॅमेरा घालायला लावा आणि चेंबरपासून किती फुटांवर सांधा फुटलाय ते लिहून घ्या, तेवढाच भाग खणायचा. जुना तुकडा काढून पीव्हीसी टाकताना उतार बघा, चार इंची पाईपाला चाळीस फुटाला एक फूट, सहा इंचीला साठ फुटाला एक फूट. माती टाकायच्या आधी वरनं बादल्या ओतून सांधे कोरडे राहतात का ते स्वतः उभं राहून बघा, प्लंबरला घाई असते, आपल्याला नसावी.

ऍसिड ओतू नका, गुंता तसाच राहतो आणि पुढच्या वेळी पट्टी मारणाऱ्याचे हात भाजतात. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात काहीजण, त्याने जवळची बारीक मुळं मरतात पण सांधा काही बुजत नाही, बीडाचे पाईप खराब होतात, आणि ते विष पुढे पाण्यातच जातं. हिंगाचा उपायही आमच्याकडे एका काकांनी केला, महिन्याभरात पिंपळाला नवी लालसर पालवी!

भिंतीतलं रोप वरनं छाटलं तर परत फुटतं, फट उकरून मूळ सगळं ओढून काढा आणि मग सिमेंट भरा. मोठं झाड असेल तर मात्र कुऱ्हाड लावण्याआधी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात अर्ज, १९७५ चा झाडांचा कायदा आहे, आणि सेक्रेटरीने तोंडी दिलेली परवानगी तिथे चालत नाही.

हे सगळं मे महिना संपायच्या आत उरका, पावसात चेंबर कशाने भरलंय तेच कळत नाही. आणि खड्डा बुजवायच्या आधी टेप लावून फोटो काढून ठेवा, भिंतीपासून किती, खोल किती. आमच्याकडे लाईनचा नकाशा कुणाकडेच नव्हता, म्हणून आधी भलतीकडेच खणलं आणि तळमजल्यावरच्या आजींची तुळस उगाच हलवावी लागली.