प्रत्यारोपणानंतर रुग्णालयाचे पोर्टल घरात कसे वापरावे: खानदेशातील कुटुंबांसाठी

किडनी किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेला रुग्ण घरी निघतो, तेव्हा बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत आता डिस्चार्ज कार्डाबरोबर आणखी एक कागद हाती पडतो. त्यावर रुग्णालयाच्या पोर्टलचा, म्हणजे रिपोर्ट आणि डॉक्टरांचे निरोप जेथे पाहता येतात त्या संकेतस्थळाचा, पत्ता असतो, रुग्णाचा नोंदणी क्रमांक असतो आणि लॉगिनसाठी नोंदवलेला मोबाइल नंबर वापरावा अशी एक ओळ असते. त्या गडबडीत औषधांच्या पिशव्या, बिलाचे कागद आणि परतीच्या गाडीची वेळ यांपुढे त्या ओळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमचेही गेले नाही.

माझ्या भावाला आमच्या आईने किडनी दिली. शस्त्रक्रिया मुंबईला झाली आणि भाऊ चोपडा तालुक्यातील घरी परतला. नोंदणीचा अर्ज भावाच्या मुलाने काउंटरवर उभ्या उभ्या भरला होता, म्हणून पोर्टलला त्याचा नंबर जोडला गेला. तो पुण्याला कंपनीत रात्रपाळी करतो. सातव्या महिन्यात भावाला खोकला झाला, जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या आणि चार-पाच दिवसांत त्याचे हात इतके थरथरू लागले की बशीतला चहा ओठांपर्यंत जाईना. सोमवारी जळगावच्या कलेक्शन सेंटरवर दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट बुधवारी रात्री पोर्टलवर आला होता आणि त्याखाली डोस कमी करण्याचा डॉक्टरांचा निरोपही होता. मुलाच्या फोनवरची ती सूचना इतर संदेशांत बुडाली आणि रिपोर्ट उघडला गेला तो रविवारी. त्या गोळ्यांत क्लॅरिथ्रोमायसिन होते, त्याने टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाची, रक्तातली पातळी वाढते, आणि वाढलेली पातळी नव्या किडनीलाच इजा करते. भाऊ त्यातून सुखरूप बाहेर आला, पण मधले चार दिवस निरोप तयार असूनही घरात पोहोचला नव्हता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुढचे सर्व लिहिण्यामागे तीच आहे.

पोर्टल सर्वांना सारखे मिळते, पण सर्वांकडून सारखे वापरले जात नाही, हे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांबाबत अमेरिकेत अनेकदा तपासले गेले आहे. तेथे कृष्णवर्णीय, कमी उत्पन्नाच्या, कमी शिकलेल्या, वयस्कर आणि इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णांत वापर कमी आढळतो. आपल्याकडे या दरीचे रूप वेगळे आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, तर स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. त्यात खानदेशाची आपली परिस्थिती मिळवावी. पोर्टल इंग्रजीत असते. घरात अहिराणी बोलली जाते, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली किंवा पावरी. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर रेंजसाठी टेकडीवर चढावे लागते. आणि प्रत्यारोपणाचे केंद्र मुंबई, पुणे, नाशिक किंवा सुरतेला. दादरला राहणाऱ्या रुग्णाला शंका आली तर तो लोकलने ओपीडीत जाऊन विचारू शकतो. अक्कलकुव्याच्या रुग्णाची तेवढ्यासाठी दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे जाते. म्हणजे पोर्टलचा खरा उपयोग ज्याला आहे, त्याच्याच घरात ते उघडले जात नाही. याला रुग्णाचा आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

रुग्णालय सोडण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाचे काम घरी येण्याआधीचे आहे. प्रत्यारोपण को-ऑर्डिनेटरला भेटून फाइलवर कोणता मोबाइल नंबर आहे हे विचारावे आणि तो चुकीचा असेल तर तेथेच लेखी अर्ज देऊन बदलून घ्यावा. हेच काम नंतर गावाहून करायचे म्हटले तर ओळखपत्र घेऊन पुन्हा एक फेरी पडते. नंबर शक्यतो रुग्णाचा स्वतःचा असावा, आणि तसे जमत नसेल तर रुग्णाबरोबर रोज एकाच छताखाली राहणाऱ्या माणसाचा असावा. शिकलेला आहे म्हणून बाहेरगावच्या मुलाचा नंबर देण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या मुलाची मदत जरूर घ्यावी, पण ओटीपी घरातल्या फोनवर आला पाहिजे. त्या नंबरचा रिचार्जही चालू राहिला पाहिजे, कारण मुदत संपून काही दिवस गेले की येणारे संदेशही बंद होतात आणि मग पासवर्ड आठवत असला तरी खाते उघडत नाही.

नंबर नक्की झाल्यावर वॉर्डातच, नर्स किंवा को-ऑर्डिनेटर समोर असताना, रुग्णाच्या हाताने एकदा लॉगिन करून पाहावे. दुसऱ्याने करून दाखवलेले काही लक्षात राहत नाही. स्वतःच्या बोटाने एक रिपोर्ट उघडला, तो फोनमध्ये उतरवला आणि बाहेर पडून पुन्हा आत शिरले, की निम्मी भीती तेथेच जाते. माझा भाऊ पहिल्यांदा "माले काही समजस नही" म्हणून फोन माझ्याकडे सरकवत होता. त्याला मी सबंध पोर्टल शिकवले नाही. रिपोर्टचे बटण कोठे आहे, त्याचे चिन्ह कसे दिसते आणि त्यात तारीख कोठे वाचायची, एवढेच तीनदा करून घेतले.

काही पोर्टलांत नातेवाइकाला रुग्णाच्या संमतीने वेगळे खाते देण्याची सोय असते. ती आहे का हे अवश्य विचारावे, कारण एकच पासवर्ड चार जणांत फिरवण्यापेक्षा ते फार बरे. रुग्ण स्त्री असेल तर येथे थोडे जास्त लक्ष द्यावे. सुनेचे किंवा आईचे रिपोर्ट घरातल्या पुरुषाच्या फोनवर येतात आणि तिच्यापर्यंत "सगळं चांगलं आहे" एवढेच शब्द पोहोचतात. गर्भधारणेविषयीचा सल्ला, पाळीच्या तक्रारी, मनावरचा ताण हेही प्रत्यारोपणानंतरच्या तपासणीचे विषय आहेत आणि ते तिने स्वतः वाचावेत, स्वतः लिहावेत.

रिपोर्ट कसा पाहावा

पोर्टल उघडल्यावर आकड्यांची मोठी यादी दिसते. किडनीच्या रुग्णाने आरंभी तीनच गोष्टी शोधाव्यात: टॅक्रोची म्हणजे टॅक्रोलिमसची पातळी, किडनी किती काम करते हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन आणि डॉक्टरांनी डोसविषयी लिहिलेला निरोप. बाकीचे हळूहळू ओळखीचे होते.

टॅक्रोच्या आकड्याला अर्थ येतो तो रक्त कोणत्या वेळी दिले यावरून. ही गोळी साधारणपणे दर १२ तासांनी घेतात आणि तपासणीचे रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊच्या सुमारास रक्त द्यावे आणि गोळी त्यानंतर घ्यावी. म्हणून ती डबीत घालून बरोबर न्यावी. गोळी घेऊन मग रक्त दिले तर आकडा खोटाच मोठा येतो आणि त्यावरून डॉक्टर डोस कमी करण्याची शक्यता असते. गावाहून पहाटेच्या एसटीने निघणारा माणूस सवयीने चहाबरोबर गोळी घेऊन टाकतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. तसे झालेच तर लपवू नये. रक्त घेणाऱ्याला आणि पोर्टलवरच्या संदेशात डॉक्टरांना गोळीची वेळ कळवावी.

रिपोर्टमध्ये आकड्यापुढे लाल खूण किंवा बाण दिसला म्हणून घाबरू नये, आणि खूण नाही म्हणून निश्चिंतही होऊ नये. टॅक्रोची योग्य पातळी शस्त्रक्रियेला किती दिवस झाले आणि शरीर किडनीला कसे स्वीकारत आहे यावर ठरते, त्यामुळे पहिल्या महिन्यातील रुग्णाची आणि पाच वर्षे झालेल्या रुग्णाची पातळी सारखी नसते. शेजारच्या गावच्या रुग्णाशी आकडे जुळवून पाहणे त्यासाठीच व्यर्थ आहे. क्रिएटिनिन मात्र स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी ताडून पाहावे: एरवी १.२ असणारा आकडा १.६ झाला असेल तर तो त्याच दिवशी डॉक्टरांना कळला पाहिजे. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. आकडा पाहून स्वतःच्या मनाने गोळी वाढवणे किंवा कमी करणे हे कधीही करू नये.

येथे एक अडचण आपल्या भागातील जवळजवळ प्रत्येकाला येते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या लॅबमध्ये केलेली तपासणी मुंबईच्या रुग्णालयाच्या पोर्टलवर आपोआप जात नाही, जोवर त्या लॅबचा रुग्णालयाशी तसा संबंध नाही. रिपोर्ट स्वतः चढवावा लागतो. लॅबकडून पीडीएफ मागून घ्यावी. कागदच मिळाला असेल तर तो सपाट जागी, उजेडात ठेवून चारही कोपरे दिसतील असा फोटो काढावा आणि नाव, तारीख व आकडे वाचता येतात याची खात्री करूनच पाठवावा.

डॉक्टरांना संदेश लिहिताना

पोर्टलवर डॉक्टरांना संदेश पाठवण्याची जागा असते आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते, कारण इंग्रजी येत नाही म्हणून लोक मागे सरतात. मराठीत लिहावे; महाराष्ट्रातील रुग्णालयात ते वाचणारे कोणी ना कोणी असते. सुरतेच्या किंवा अहमदाबादच्या केंद्रात हिंदी चालते. संदेश पुढीलप्रमाणे असला तरी पुरेसा आहे: "नोंदणी क्रमांक अमुक. किडनी प्रत्यारोपणाला आठ महिने झाले. टॅक्रो सकाळी १ आणि रात्री १ मिलिग्रॅम चालू आहे. कालपासून पाच वेळा जुलाब झाले, ताप नाही, लघवी नेहमीसारखी आहे. गावातील डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा फोटो जोडला आहे. ते घ्यावे का, आणि रक्त तपासावे का?" जुलाबाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण जुलाबात टॅक्रोची पातळी वाढू शकते हे अनेकांना माहीत नसते. कोणतीही नवी गोळी, मग ती दुखण्यावरची असो, बुरशीवरची असो किंवा झाडपाल्याची असो, आधी विचारूनच घ्यावी. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके किडनीला अपाय करतात आणि ती आपल्याकडे मेडिकलवर सहज मिळतात.

मात्र ताप आला, लघवी कमी झाली, किडनी बसवलेल्या जागी दुखू लागले, धाप लागली किंवा उलटीने गोळ्या पोटात टिकेनाशा झाल्या, तर पोर्टलवर लिहून उत्तराची वाट पाहत बसू नये. को-ऑर्डिनेटरला फोन करावा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघावे.

रेंज, सेवा केंद्र आणि वही

ज्या पाड्यावर रेंज नाही त्याने आठवड्याच्या बाजाराचा दिवस पोर्टलसाठी ठरवून घ्यावा. तालुक्याच्या गावी गेल्यावर नवे रिपोर्ट आणि निरोप फोनमध्ये उतरवून घ्यावेत, म्हणजे घरी ते इंटरनेटशिवाय वाचता येतात. रक्त दिल्यानंतरच्या आठवड्यात मात्र बाजाराची वाट न पाहता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहावे. स्वतःचा स्मार्टफोन नसेल तर सेवा केंद्रात जाऊन पोर्टल उघडता येते, पण तेथे पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये, ओटीपी स्वतः टाकावा, प्रिंट घेतल्यावर त्या संगणकावरील फाइल पुसून घ्यावी आणि खाते बंद केल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी आभा क्रमांक काढून ठेवावा. जी रुग्णालये आणि लॅब त्या व्यवस्थेला जोडलेल्या आहेत, त्यांच्याकडील नोंदी आपल्या संमतीने एके ठिकाणी पाहता येतात.

आणि इतके सर्व करूनही एक शंभर पानी वही ठेवावी. तारीख, टॅक्रो, क्रिएटिनिन, रक्तदाब, वजन आणि बदललेला डोस एवढे तिच्यात प्रत्येक वेळी लिहावे. भावाच्या वहीत हे काम त्याची आठवीतली मुलगी करते. एकदा क्रिएटिनिनच्या दोन ओळींमधील फरक तिच्याच लक्षात आला आणि तिने शेतात केळीला पाणी देत असलेल्या वडिलांना तेथूनच डॉक्टरांना फोन करायला लावला.

ज्या घरात यातले काहीच जमण्यासारखे नाही, त्यांनी तसे रुग्णालयाला स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही. "रुग्ण पोर्टल वापरत नाही, रिपोर्ट फोनवर कळवावा" असे को-ऑर्डिनेटरकडून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे आणि त्याचा फोटो जवळ ठेवावा. निरोप पोर्टलवर टाकला म्हणजे तो पोहोचला, असे रुग्णालयानेही धरून चालू नये. ते विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. कागदपत्रे मागूनही मिळत नसतील, तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात, हे अर्जात नमूद करावे.

शेवटी दात्याविषयी. किडनी देणाऱ्या माणसाचीही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी व्हायला हवी, आणि आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आया, बायका, बहिणी जास्त आहेत. रुग्णाचे खाते उघडताना दात्याचेही वेगळे उघडून मागावे. आमच्याकडून ते राहून गेले. गेल्या दोन वर्षांत भावाचे तीसहून अधिक रिपोर्ट पोर्टलवर जमा झाले आहेत आणि आईचा एकही नाही. पुढच्या फेरीला भाऊ ओपीडीत बसलेला असताना तिचा अर्ज मी काउंटरवर भरणार आहे, आणि त्यावर नंबर तिचाच असेल.