मेडलच्या कडेवरून ऑस्ट्रेलियन सैनिक कसा शोधायचा

नागपूरच्या इतवारीत जुन्या भांड्यांच्या ढिगात पहिल्या महायुद्धातलं मेडल मिळालं ना, तर आधी घासू नका, चिंच तर लावूच नका बाप्पा. भिंगानं कड बघा, नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, अन् सोबत एआयएफ दिसलं म्हणजे माणूस ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्सचा.

मग नॅशनल अर्काइव्हज ऑफ ऑस्ट्रेलियाच्या रेकॉर्डसर्च या ऑनलाइन शोधात नाव टाका, सिरीज बी २४५५ म्हणजे या सैनिकांच्या नोकरीच्या फाइली, फाइल स्कॅन करून फुकट ठेवलीय. नंबर जुळवाच, एका नावाचे कितीतरी असतात. भरतीच्या फॉर्मवर वय, कामधंदा, जवळचा नातेवाईक, पुढं कॅज्युअल्टी फॉर्मवर कधी जखमी झाला, कोणत्या हॉस्पिटलात नेलं ते तारखेसकट. केआयए म्हणजे लढाईतच मारला गेला, डीओडब्ल्यू म्हणजे जखमांनी नंतर मेला.

गेला असेल तर ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमधल्या रेडक्रॉसच्या चौकशी फाइली शोधा, सगळ्यांच्या नसतात, पण असली तर सोबतच्या पोरांनी सांगितलेलं मिळतं, कसा पडला, कुठं पुरला. मी सक्करदऱ्याला रात्री एकाची सामानाची यादी वाचत होतो, पाकीट, फोटो, पत्रं, सगळं आईकडे पाठवलेलं, डोळेच भरून आले.

फ्रान्समध्ये मेला अन् कबर नसेल तर विलर्स-ब्रेटोनो स्मारकावर नाव बघा, बेल्जियममध्ये असेल तर मेनिन गेट या स्मारकावर.