एसएलआर सोडून डिजिटल रेंजफाइंडर घेताय? आधी या चुका टाळा

रात्री साडेदहाला सराफ्यात गेलं की सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आलेली असतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, दहीवडे, जिलबी मांडलेली असते. इंदूरच्या त्या गर्दीत मी माझा पहिला डिजिटल रेंजफाइंडर घेऊन उभा होतो. सेकंडहँड, पण ऐट पहिल्या धारेची. दहीवड्याचा दोना हवेत उडवून झेलणाऱ्या दुकानदाराचे लागोपाठ चौदा फोटो काढले. दर वेळी स्क्रीनकडे बघायचं नाही, अशी शिस्त स्वतःला लावून घेतली होती. घरी येऊन कार्ड लावलं तर चौदाच्या चौदा काळे. लेन्सची कॅप काढलीच नव्हती.

एसएलआरमध्ये असं होत नाही. कॅप असली की डोळ्यासमोरच अंधार. कारण तिथं आपण आरशामार्फत थेट लेन्समधून पाहतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्सशी आपल्या नजरेचा संबंधच नसतो. वर एक स्वच्छ खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध एक छोटा उजळ पॅच असतो, त्यात समोरची वस्तू दुहेरी दिसते. फोकस रिंग फिरवत दोन प्रतिमा एकीवर एक आणल्या की अंतर जुळलं. कॅमेरा फक्त अंतर मोजतो, नावातच आहे ते. म्हणून ‘बदलू का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘तू फोटो काढतोस तेव्हा माणसापासून किती लांब उभा असतोस?’

याचं उत्तर न शोधता पैसे मोजणं ही सगळ्यात मोठी चूक. उत्तर तुमच्याच हार्डडिस्कवर आहे. गेल्या दोन वर्षांचे फोटो लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेन्थप्रमाणे (लेन्सच्या मिलिमीटरमधल्या आकड्याप्रमाणे) लावा. कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा, असेल तर आकड्याला दीडने गुणा, कॅननला 1.6 ने. 90 च्या पुढचे फोटो तिसऱ्या हिश्शाहून जास्त निघाले तर विषय तिथेच सोडा. लायका कंपनीच्या एम मालिकेतल्या बहुतेक रेंजफाइंडरांत 135 पर्यंत फ्रेमलाइन्स, म्हणजे खिडकीत दिसणाऱ्या चौकटीच्या रेघा, असतात खऱ्या, पण ती 135 ची चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते. जवळचीही तीच गत. पॅचवरचं फोकस साधारण 0.7 मीटरला संपतं, जुन्या कित्येक लेन्सचं तर 1 मीटरलाच. मेंदीची नक्षी, अंगठी, ताटातली अळूवडी, हे सगळं विसरा.

मग उरतं काय? दीड ते पाच मीटर. मुंजीत मातृभोजनाला आई बटूच्या तोंडात घास घालते, तो क्षण तुम्ही दीड मीटरवरूनच टिपता. तिथं हा कॅमेरा सोन्यासारखा. आरसा नाही, म्हणून बटण दाबताना डोळ्यासमोर पडदा येत नाही. घास तोंडात गेला की नाही ते त्याच क्षणी दिसतं. चौकटीच्या बाहेरचंही दिसत असतं, त्यामुळे मागून फ्रेममध्ये शिरू पाहणारे व्हिडिओवाले भाऊ वेळीच कळतात. आरशाचा धक्का नसल्यामुळे सराफ्याच्या पिवळ्या बल्बांत 1/15 सेकंदालाही हात बऱ्यापैकी साथ देतो.

आणखी एक गंमत आहे, ती मात्र सवयीनेच येते. 35 ची लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, रिंग 3 मीटरवर ठेवून दिली की साधारण 2 ते 7 मीटरमधलं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. फोकस करायचंच नाही, फक्त बघायचं आणि दाबायचं. इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, हे तंत्र फार कामाचं. पण माझा एम मी तिथं नेत नाही. राजवाड्यासमोर तोफांतून रंग आणि पाणी तीनचार मजले उडत असतं आणि एम बॉडीला त्यापासून संरक्षण नाही. तिथं जुना एसएलआर, वर प्लास्टिकची पिशवी. एसएलआर आधी विकून त्या पैशात रेंजफाइंडर घेणारे लोक मार्चमध्ये हळहळतात ते असे.

‘माझ्या लेन्स अडॅप्टरने लावेन’ हा दुसरा गोड गैरसमज. लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर एममध्ये 27.8 मिलिमीटर, निकॉन एफमध्ये 46.5, कॅनन ईएफमध्ये 44. अंतर भरून काढायला जागा भरपूर आहे, त्यामुळे लेन्स बसते. पण पॅचला काही कळत नाही, कारण ती लेन्स कॅमेऱ्याच्या आतल्या, पॅच हलवणाऱ्या दांडीला ढकलतच नाही. लाइव्ह व्ह्यूवर मागच्या स्क्रीनकडे बघत फोकस करायचं असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? लेन्सचे पैसे वेगळे धरा. लायकाची परवडत नसेल तर फॉग्टलेंडर आणि झाइसच्या एम माउंटच्या लेन्स आहेत, आणि वाईट अजिबात नाहीत.

दिसण्यावरही जाऊ नका. फुजीचे एक्स100 आणि एक्स-प्रो रेंजफाइंडरसारखे दिसतात, खिडकीही आहे, पण फोकस ऑटोफोकसचंच. बऱ्याच जणांना खरं तर तेच हवं असतं, त्यांनी तेच घ्यावं.

सेकंडहँड घेताना दोन मॉडेलांबाबत डोळे उघडे ठेवा. 2006 चा एम8 इन्फ्रारेड नीट अडवत नाही. काही सिंथेटिक काळे कपडे जांभळट येतात, म्हणून लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लागतो. लग्नात नवरदेवाचा काळा कोट वांगी रंगाचा झाला तर काय सांगणार? 2009 च्या एम9 मध्ये सेन्सरवरच्या काचेला गंज चढायचा. बदली सेन्सर कंपनीकडून आता मिळत नाही. म्हणून सेन्सर आधीच बदललाय का, हे विचारा, कागद बघा आणि एफ/16 ला मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून मोठा करून पाहा. कडेला वलय असलेले ठिपके दिसले तर कॅमेरा टेबलावर ठेवून चहा प्या आणि घरी या.

आता घेतलाच असेल आणि फोटो मऊ, जरा अस्पष्ट येत असतील तर लगेच लेन्सला शिव्या देऊ नका. लेन्स अनंतावर लावून दूरच्या टॉवरकडे पाहा. पॅचमधल्या दोन प्रतिमा एक व्हायला हव्यात. मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दोन मीटरवरच्या वर्तमानपत्राच्या मथळ्यावर पॅचने फोकस करा आणि काही न हलवता लाइव्ह व्ह्यू मोठा करून तपासा. (एम8, एम9 ला लाइव्ह व्ह्यू नाही, तिथं फोटो काढूनच बघावं लागतं.) सगळ्याच लेन्सला सारखी चूक येत असेल तर दोष कॅमेऱ्यात, एकाच लेन्सला येत असेल तर त्या लेन्समध्ये. धक्क्याने पॅचचं गणित बिघडतं. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. माझ्या एका मित्राने ते केलं. त्याबद्दल तो आता बोलत नाही.

कित्येकदा मात्र कॅमेरा ठीक असतो, चूक आपली असते. पॅचला उभी रेघ लागते. समोर आडव्या रेघा असतील तर कॅमेरा तिरका धरून जुळवा आणि मग सरळ करा. जाळी, खिडक्यांची रांग, साडीच्या काठावरची बुट्टी यांच्यावर फोकस करूच नका, एक बुट्टी शेजारच्या बुट्टीवर बसते आणि जुळल्याचा भास होतो. 50 ची लेन्स एफ/1.4 ला असेल तर दोन मीटरवर जेमतेम 13 सेंटीमीटरची पट्टी स्पष्ट असते. फोकस करून तुम्ही जरा पुढे झुकलात की संपलं. चष्मा असेल तर 28 ची चौकट एका नजरेत मावत नाही, विकत घेण्याआधी चष्म्यासकट डोळा लावून बघा.

फुकटात आजमावायचं असेल तर घरातली कपाटं उघडा. आपल्याकडे काही घरांत याशिका इलेक्ट्रो 35 पडून असते. 1966 पासूनचा हा जपानी कॅमेरा खरा रेंजफाइंडर आहे. बॅटरी नको, रोल नको. नुसतं डोळ्याला लावायचं आणि पॅच जुळवत बसायचं.

माझ्या पुतण्याने तसंच केलं. अंगणात सायकल फिरवणाऱ्या आपल्या मुलीवर वीस मिनिटं पॅच जुळवत होता.

‘काका, ही थांबतच नाही.’

‘ती थांबणार नाहीच. ती कुठून जाणार ते आधी ठरव, रिंग तिथं लाव आणि वाट बघ.’

अजून दहा मिनिटं त्याने वाट बघितली, मग याशिका माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात त्याने आपल्या एसएलआरसाठी लांबचं टिपणारी 70-200 लेन्स घेतली. मुलीच्या शाळेच्या स्पोर्ट्स डेचे फोटो त्याने पाठवले, फारच छान आलेत.