सर्व्हो मॉड्यूल काढण्याआधी करायची तयारी

मशीनवर अलार्म आला, रिसेट होत नाही, लाईन उभी आहे आणि वरून सारखे फोन येताहेत. अशा वेळी हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. सर्व्हो मॉड्यूल (मोटरला करंट पुरवणारा पॅनेलमधला ॲम्प्लिफायर, म्हणजेच ड्राइव्ह) खोलून रिपेअरला पाठवावं, किंवा कुठून तरी जुनं मिळवून बसवावं आणि मशीन सुरू करावं, असं वाटतं. पण सर्व्हो मॉड्यूल अनेकदा स्वतःहून मरत नाही. त्याला मारणारं कारण बाहेर असतं, मोटरमध्ये, केबलमध्ये नाही तर पॅनेलच्या हवेत. ते कारण तसंच ठेवून नवीन मॉड्यूल बसवलं की तेही जातं, आणि दुसऱ्यांदा उडालेल्या मॉड्यूलचा खर्च कुणालाच समजावून सांगता येत नाही. म्हणून तयारी मॉड्यूल बदलण्याची नाही, कारण शोधण्याची करायची. भोसरी-चाकणपासून शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंतच्या शॉपमध्ये फॅनकचा अल्फा-आय सर्व्हो असलेली व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) सहज सापडते, म्हणून उदाहरण तिचंच घेतो.

सुरुवात मेन स्विच पाडण्याआधीच होते. अलार्मचा नंबर आणि पूर्ण मजकूर, अलार्म हिस्टरी, डायग्नोसिसचं पान आणि पॅनेलमधल्या प्रत्येक मॉड्यूलवरचा सेव्हन-सेगमेंटचा आकडा किंवा अक्षर, या सगळ्याचे फोटो काढा. पॉवर गेली की तो डिस्प्ले विझतो. एकाच मॉड्यूलवर दोन ॲक्सिस (मशीनच्या सरकण्याच्या दिशा) असतील तर नेमका कोणता गेला हेही त्या अक्षरावरूनच कळतं. मग मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला बाजूला घेऊन शांतपणे विचारा. अलार्म कधी आला? रॅपिडमध्ये (कट न घेता वेगात सरकताना), टूल चेंजला, खोल कट घेताना, की सकाळी मशीन चालू करताच? पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या स्टार्टला येऊन दुपारी न येणारा अलार्म ओलाव्याकडे बोट दाखवतो. टेबल एका टोकाला गेल्यावरच येणारा अलार्म बहुधा केबल ट्रॅकमधल्या तुटक्या केबलचा असतो. हे ऑपरेटरने पाहिलेलं असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आता बॅकअप. फॅनकमध्ये सर्व्होचे पॅरामीटर सीएनसीत (मशीनच्या कंट्रोलमध्ये) असतात, ॲम्प्लिफायरमध्ये नाही. म्हणजे मॉड्यूल बदलल्यावर त्यात काही भरावं लागत नाही. तरीही बॅकअप आधीच घ्या, कारण पॅनेलमध्ये काम करताना काय होईल सांगता येत नाही आणि जुन्या मशीनची सीएनसी बॅटरी कधी बदलली हे बऱ्याच ठिकाणी कुणालाच ठाऊक नसतं. स्क्रीनखालच्या सॉफ्ट-की पैकी उजवीकडच्या शेवटच्या दोन दाबून ठेवून मशीन चालू केलं की बूट मेन्यू येतो. तिथून एसरॅमचा (बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीचा) बॅकअप मेमरी कार्डवर घ्या. त्याच्यासोबत पॅरामीटर, पिच एरर, मॅक्रो, टूल ऑफसेट आणि प्रोग्रॅम टेक्स्ट स्वरूपातही वेगळे काढा. कार्ड तिथल्या तिथे लॅपटॉपवर उघडून फाइल रिकाम्या नाहीत ना ते पाहा. मात्र मशीन मित्सुबिशी, यास्कावा किंवा डेल्टाच्या सुट्या सर्व्होवर चालत असेल, जसं पॅकिंग मशीन किंवा एसपीएमवर (एकाच कामासाठी बनवलेल्या मशीनवर) असतं, तर गोष्ट उलटी आहे. तिथे पॅरामीटर ड्राइव्हच्याच पोटात असतात. ड्राइव्ह पूर्ण मेला की ते वाचताच येत नाहीत. अशा मशीनचा बॅकअप ती धडधाकट चालत असतानाच घ्यायचा असतो. हे वाचताना तुमचं मशीन चालू असेल तर ते काम याच आठवड्यात करा.

पोझिशनचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथल्या चुकीने मॉड्यूलपेक्षा मोठं नुकसान होतं. ॲबसोल्यूट एन्कोडरची (मोटरची जागा मोजणाऱ्या सेन्सरची) पोझिशन बॅटरीवर जिवंत राहते आणि ती बॅटरी ॲम्प्लिफायरमार्फत एन्कोडरला पोचते. एन्कोडरची फीडबॅक केबल काढली की तो आधार तुटतो. अल्फा-आय मोटरच्या एन्कोडरमध्ये बॅकअप कपॅसिटर असतो, तो साधारण १० मिनिटं पोझिशन धरून ठेवतो. त्या १० मिनिटांत मॉड्यूल बदलून होईल या भरवशावर काम सुरू करू नका. पोझिशन जाणारच असं धरून चाला. मशीन हलत असेल तर प्रत्येक ॲक्सिस रेफरन्सला (मशीनच्या ठरलेल्या मूळ जागेला) नेऊन स्लाइड आणि बॉडीवर बारीक खूण करा, मशीन कोऑर्डिनेट लिहून ठेवा, पॅरामीटर १८१५ आणि १२४१ चे फोटो घ्या. १२४१ मध्ये दुसरा रेफरन्स असतो आणि बऱ्याच व्हीएमसीवर झेडची (स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या ॲक्सिसची) टूल चेंजची उंची त्यावरच ठरते. पुढे अलार्म ३०० (पोझिशन गेल्याचा) येऊन रेफरन्स नव्याने लावावा लागला, १८१५ चा एपीझेड बिट (रेफरन्स ठरल्याची खूण) १ केला, आणि झेड एका पिचने जरी चुकला, तरी पहिल्याच टूल चेंजला टूल बदलणारा आर्म स्पिंडलवर आदळतो. ॲक्सिस हलतच नसेल तर आहे त्या जागीच डायलने किंवा व्हर्नियरने ठरावीक पृष्ठापासून अंतर मोजून लिहा. बॅटरी जुनी असेल तर ती मशीन चालू असतानाच बदला, बंद करून नाही.

झेड ॲक्सिसखाली, म्हणजे टेबल आणि स्पिंडल हेडच्या मध्ये, भक्कम लाकडी ठोकळा ठेवा. ब्रेकवर विसंबू नका. ब्रेक जुना झालेला असतो, त्यात तेल गेलेलं असतं, आणि वायर काढताना नेमका तोच दगा देतो. मग मेन आयसोलेटर पाडा, कुलूप लावा आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवा. आपल्याकडे ४१५ व्होल्टचा सप्लाय ट्रान्सफॉर्मरने २०० ते २२० व्होल्टवर आणून ड्राइव्हला देतात. आतल्या डीसी लिंकवर (एसीचा डीसी होऊन साठतो त्या भागावर) त्याचे साधारण ३०० व्होल्ट होतात आणि स्विच पाडल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. लाल चार्ज एलईडी विझण्याची वाट पाहा, आणि विझल्यावरही मीटर लावा. एलईडी स्वतःच खराब असू शकतो. मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ पूर्ण झाली आहे आणि आकडा ६० व्होल्टच्या पुष्कळ खाली आला आहे, याची स्वतः खात्री केल्याशिवाय बसबारला (डीसी लिंकच्या पट्ट्यांना) हात लागता कामा नये.

आता कारण शोधायचं. समजा अलार्म ४३८ आहे, म्हणजे इन्व्हर्टरचा करंट भलताच वाढला. मोटरची पॉवर केबल ॲम्प्लिफायरकडून सोडवा आणि मशीन चालू करून पाहा. अलार्म राहिला तर दोष मॉड्यूलमध्ये, गेला तर मोटर किंवा केबलमध्ये. ही तपासणी झेडवर करताना ठोकळा नसेल तर करूच नका, कारण सर्व्हो रेडी झाला की ब्रेक सुटतो आणि मोटर मात्र जोडलेली नसते, हेड सरळ खाली येतं. यानंतर पुन्हा पॉवर पाडून, डीसी लिंक तपासून, मोटरला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावा, वाइंडिंग आणि बॉडीमध्ये. मेगर लावताना ॲम्प्लिफायर आणि एन्कोडर दोन्ही सुटलेले हवेत, नाही तर मेगरच त्यांना मारेल. १०० मेगाओहमच्या वर असेल तर मोटर चांगली. १० ते १०० म्हणजे इन्सुलेशन उतरू लागलं आहे, लक्ष ठेवा. १ ते १० असेल तर मोटरची सोय आत्ताच बघायला घ्या. १ च्या खाली असेल तर ती मोटर नव्या मॉड्यूलला जोडायची नाही, कुणी कितीही घाई केली तरी. केबल वेगळी मेगर करा, आणि ती केबल ट्रॅकमध्ये मागेपुढे हलवत करा. स्थिर असताना उत्तम दाखवणारी केबल एका वळणावर शॉर्ट होते. मोटरचा कनेक्टर उघडून आत कूलंट आहे का पाहा. टेलिस्कोपिक कव्हरखालच्या मोटरमध्ये ते हमखास शिरतं. शेजारच्या ॲक्सिसचं चांगलं मॉड्यूल लावून बघण्याचा सल्ला बरेच जण देतात. मेगर झाल्याशिवाय तो मानू नका, दोष मोटरमध्ये असेल तर चांगलं मॉड्यूलही हकनाक जाईल. काढलेल्या मॉड्यूलचे यू, व्ही, डब्ल्यू (मोटरकडे जाणारे) आणि डीसी लिंकचे टर्मिनल मीटरच्या डायोड मोडवर तपासा. सगळीकडे सारखा ड्रॉप यायला हवा. कुठे शून्य आला तर आयजीबीटी (मॉड्यूलमधला पॉवर स्विच) शॉर्ट आहे.

पॅनेलची हवाही तपासायची आहे. उन्हाळ्यात पॅनेलचं दार उघडं टाकून समोर पेडेस्टल पंखा लावण्याची सवय मी जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये पाहतो आणि ती मला खटकते. त्या पंख्याने गारवा कमी आणि तेलाची वाफ जास्त आत जाते. कास्ट आयर्न मशिनिंगच्या शॉपमध्ये, विशेषतः कोल्हापूरच्या पट्ट्यात, हवेत ग्रॅफाइट आणि लोखंडाची बारीक पूड असते. ती वीजवाहक आहे. तेलाच्या थरावर ती बसली की मॉड्यूलच्या सर्किट कार्डवर हळूहळू रस्ता तयार होतो आणि एके दिवशी मॉड्यूल उडतं. दाराचं रबर, फिल्टर, पॅनेल एसी किंवा हीट एक्सचेंजर, मॉड्यूलच्या आतला आणि मागच्या हीट सिंकचा पंखा, सगळं दुरुस्त झाल्यावरच नवीन मॉड्यूल आत जावं. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, एवढं मालकाला सांगितलं तरी एसीचा खर्च मंजूर व्हायला मदत होते.

रिपेअर की नवीन? कार्ड जळून काळं पडलं असेल, कोळसा झाला असेल, किंवा तेच मॉड्यूल आधी रिपेअर होऊन आलेलं असेल, तर नवीन किंवा एक्स्चेंजचं घ्या. फक्त आयजीबीटी, पंखा किंवा कपॅसिटर गेला असेल तर चांगल्या माणसाकडून केलेली दुरुस्ती टिकते. रिपेअरवाल्याला किंमत विचारण्याआधी हे विचारा: टेस्टिंग मोटर जोडून लोडवर करता का, कोणते पार्ट बदलले ते लेखी देता का, काढलेले पार्ट परत देता का. नुसती पॉवर ऑन करून डिस्प्ले दाखवणं म्हणजे टेस्टिंग नव्हे. ऑर्डर देताना ए०६बी ने सुरू होणारा पूर्ण नंबर, शेवटच्या एच नंबरासकट, नेमप्लेटच्या फोटोसह पाठवा. आतल्या कंट्रोल कार्डचा नंबर वेगळा असतो, तोही द्या. स्टोअरमध्ये दोन वर्षांहून जास्त पडून असलेलं स्पेअर थेट पूर्ण व्होल्टेजवर लावू नका. त्यातले कपॅसिटर आधी व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवत फॉर्म करून घ्यावे लागतात.

हत्यारांमध्ये मेगर, मल्टीमीटर, टॉर्क स्क्रू ड्रायव्हर, रिस्ट स्ट्रॅप, केबलला लावायचे टॅग, आणि शेजारच्या मॉड्यूलवर पसरायला स्वच्छ कापड. डीसी लिंकचा स्क्रू आत पडला तर काम दुप्पट होतं. ऑप्टिकल फायबर काढताच त्याला टोपी घाला, टोकाला बोट लावू नका, आणि जोडताना आधीच्या मॉड्यूलचा सीओपी १०ए कनेक्टर पुढच्याच्या सीओपी १०बी ला जातो हे फोटोवरून ताडून पाहा. एन्कोडरचे जेएफ१ आणि जेएफ२ कनेक्टर अदलाबदल झाले तर ॲक्सिस भरकटतो, म्हणून टॅग आणि फोटो दोन्ही हवेत.

भोसरी-पिंपरी पट्ट्यात हे काम गुरुवारच्या सुट्टीला धरणं बरं, तेव्हा वरून कुणी घाई करत नाही. बसवून झाल्यावर बसबारचे स्क्रू टॉर्कने घट्ट करा, अर्थिंग तपासा, ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटचे तिन्ही फेज मोजा. पहिल्यांदा चालू करताना एक जण इमर्जन्सी बटणावर हात ठेवून उभा असावा. ॲक्सिस आधी हँडलने, मग जॉगने, मग रॅपिड ओव्हरराइड सर्वात कमी ठेवून संपूर्ण स्ट्रोकभर फिरवा आणि सर्व्होच्या पानावर करंट पाहत राहा. मोकळ्या ॲक्सिसला करंट जास्त दिसला तर मेकॅनिकल जॅम किंवा वंगण तपासा. रेफरन्सच्या खुणा जुळल्यावरच ठोकळा काढा, झेडचा पूर्ण स्ट्रोक त्यानंतरच फिरवा. टूल चेंज पहिल्यांदा स्पिंडल आणि आर्ममध्ये टूल न ठेवता, पायरीपायरीने. मग एक जुना, खात्रीचा पार्ट चालवून माप घ्या. पूर्ण शिफ्टभर मोटर आणि मॉड्यूलच्या तापमानावर नजर ठेवा, मेगरचे आकडे आणि मॉड्यूलचा सीरियल नंबर मशीनच्या रजिस्टरमध्ये लिहा, आणि तोवर काढलेलं जुनं मॉड्यूल भंगारात किंवा बदलीत कुठेही देऊ नका.