लघवीतून मूत्राशयाचा कॅन्सर शोधताना या चुका टाळा

नवा मार्कर (कॅन्सरची खूण देणारा रेणू) सापडला म्हणून कुणी उत्साहाने आलेख घेऊन आलं, की मी आलेख नंतर बघते. आधी विचारते, लघवी दिवसातल्या कोणत्या वेळची, कशात घेतली, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून पेशी तळाला बसवणाऱ्या यंत्रात) जाईपर्यंत कुठे पडून होती? बहुतेकदा उत्तर येतं, "ते वहीत बघावं लागेल." वहीत ते नसतंच.

लघवीत आरएनए टिकत नाही, कारण त्याला तोडणारे एन्झाइम तिथे हजरच असतात. रात्रभर मूत्राशयात साठलेल्या लघवीतल्या पेशी तर बाहेर येण्याआधीच खराब झालेल्या असतात. प्रेग्नन्सी टेस्टमुळे 'सकाळची पहिली लघवी' हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण इथे ती नको. सायटोलॉजीलाही (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघण्याच्या तपासणीलाही) नको. दुसऱ्या वेळची, ताजी लघवी घ्या.

एका विद्यार्थ्याचं काम माझ्याकडे तपासायला आलं होतं. कॅन्सरच्या रुग्णांत मार्करचा एमआरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा आरएनए) भरपूर, निरोगी लोकांत जवळजवळ शून्य. इतकी स्वच्छ फारकत मी क्वचितच पाहिली होती आणि नेमकी म्हणूनच शंका आली. रुग्णांची लघवी सिस्टोस्कोपीच्या (मूत्राशयात दुर्बीण घालून बघण्याच्या) आधी विभागातच घेतलेली, लगेच सेंट्रिफ्यूज केलेली. निरोगी लोकांची मात्र बाहेर एका तपासणीत दिवसभर गोळा होऊन संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचलेली, साध्या डब्यांत. संदर्भ जनुक (सगळ्या पेशींत असणारं, नमुना चांगला आहे का ते सांगणारं) मोजलं होतं, पण ते आकडे कुणी उघडलेच नव्हते. मार्कर दर मिलिलिटर लघवीमागे मांडला होता. आम्ही ते आकडे काढले. निरोगी गटात संदर्भ जनुकसुद्धा पीसीआरच्या (जनुकाच्या नकला वाढवणाऱ्या तंत्राच्या) पाच-सहा सायकल उशिरा येत होतं; दर सायकलला नकला दुप्पट होतात, म्हणजे मोजण्याजोगा आरएनए तीस ते साठ पट कमी. त्यातून निरोगी लघवीत पेशी मुळातच कमी. त्या गटात मार्कर दिसणार तरी कसा? निरोगी लोकांचे नमुने स्थिरीकरण द्रावणात नव्याने घेतले, मार्कर संदर्भ जनुकाच्या तुलनेत मांडला, आणि ती फारकत जवळजवळ संपली. त्या मुलाची मेहनत खरी होती, म्हणून मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा हट्ट असा की लघवी घेतल्याची वेळ डब्यावरच लिहायची. आरएनए हवा असेल तर स्थिरीकरण द्रावण घेतानाच घालायचं, डीएनए हवा असेल तर ईडीटीए (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारं रसायन). आणि संदर्भ जनुक कमजोर आलं तर अहवालात 'निगेटिव्ह' नाही, 'नमुना अपात्र' लिहायचं. हे वाचून कुणी म्हणतं, "पुन्हा नमुना मागवायला वेळ जातो." जाऊ दे. चुकीच्या निगेटिव्हवर विसंबलेल्या रुग्णाचा त्याहून जास्त वेळ जातो.

दुसरी चूक तुलनेच्या गटाची. प्रयोगशाळेतल्याच तरुण मुलामुलींची लघवी 'कंट्रोल' म्हणून घेतात, कारण ती हाताशी असते. पण ही चाचणी करायची कुणाची? लघवीतून रक्त जाणाऱ्यांची. त्यांच्यात मुतखडे असतात, संसर्ग असतो, वाढलेली प्रोस्टेट असते. तुमच्या मार्करला कॅन्सर वेगळा काढायचाय तो या गर्दीतून.

जुन्या प्रथिन चाचण्या इथेच अडखळल्या. बीटीए चाचणी कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच (रोगप्रतिकारशक्तीतलं एक प्रथिन) आणि त्याच्यासारखी प्रथिनं पकडते, आणि फॅक्टर एच रक्तात मुबलक असतं. लघवीत रक्त आलं की चाचणी पॉझिटिव्ह व्हायला ते पुरतं. एनएमपी-२२ हे पेशीकेंद्रातलं प्रथिन मरणाऱ्या पेशींतून बाहेर येतं, त्यामुळे खडे आणि संसर्गातही वाढतं. सीएक्सब्लॅडर ही लघवीतला एमआरएनए मोजणारी चाचणी बनवणाऱ्यांनी हे ओळखलं. आयजीएफबीपी५, एचओएक्सए१३, एमडीके, सीडीके१ या जनुकांच्या जोडीला त्यांनी सीएक्ससीआर२ घेतलं, म्हणजे न्यूट्रोफिलची (दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशींची) चाहूल लागते आणि दाह कॅन्सर म्हणून मोजला जाण्याचा धोका कमी होतो. हा विचार मला फार आवडतो.

आता आकडेमोड करू. समजा संवेदनशीलता (कॅन्सर असलेल्यांपैकी किती पकडले) ८० टक्के, विशिष्टताही (कॅन्सर नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह आले) ८० टक्के, आणि तपासलेल्या १००० जणांत ५० कॅन्सर. चाचणी ४० कॅन्सर पकडेल आणि कॅन्सर नसलेल्या १९० जणांनाही पॉझिटिव्ह ठरवेल. पॉझिटिव्ह आलेल्या २३० पैकी खरे रुग्ण ४०. 'अचूकता ८० टक्के' असं नुसतं लिहिणाऱ्याने हा हिशोब स्वतः एकदा तरी कागदावर करावा.

बाकीच्या चुका थोडक्यात. ज्या नमुन्यांवर कट-ऑफ (पॉझिटिव्ह ठरवायची सीमा) ठरवला, त्यांच्यावरच तो सिद्ध करू नका; वेगळा गट लागतोच. टीईआरटी जनुकाच्या प्रवर्तकातले (जनुक चालू करणाऱ्या भागातले) −१२४ आणि −१४६ या जागांवरचे बदल साधारण ६० ते ८० टक्के मूत्राशय कॅन्सरांत सापडतात, पण तो भाग जी आणि सी या डीएनए-अक्षरांनी गच्च भरलेला आहे, म्हणून पीसीआरला जड जातो. नेहमीच्या पीसीआरने बँड आला नाही म्हणून 'बदल नाही' लिहू नका. फिशमध्ये (गुणसूत्रांवर चमकणाऱ्या खुणा लावून बघण्याच्या तपासणीत) ३, ७, १७ ही गुणसूत्रं आणि ९पी२१ (नवव्या गुणसूत्राचा एक भाग) बघतात. तिथे नवशिके छत्री पेशींना (अस्तराच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींना) फसतात: त्या मुळातच चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) असू शकतात, म्हणून चारही खुणा सारख्या वाढलेल्या दिसल्या तर घाई नको. सिस्टोस्कोपीनंतर लगेच किंवा बीसीजी (मूत्राशयात सोडायचं औषध) चालू असताना घेतलेला नमुना वेगळा नोंदवा. सायटोलॉजी निगेटिव्ह आली म्हणून कमी दर्जाची गाठ नाही असं समजू नका, त्या गाठी तिला सहसा दिसत नाहीत. आणि डोळ्यांना दिसेल इतकं रक्त लघवीतून जात असेल, तर कोणत्याही निगेटिव्ह मार्करच्या भरवशावर सिस्टोस्कोपी टाळू नका.

एकाबद्दल मात्र मी भांडते. फिश पॉझिटिव्ह, सिस्टोस्कोपीत मूत्राशय स्वच्छ, आणि अहवालावर पेनाने 'खोटा पॉझिटिव्ह' लिहून फाइल बंद. लघवी मूत्रपिंडातून आणि मूत्रवाहिनीतूनही येते. गाठ तिथे असू शकते. मूत्राशयात दिसायच्या आधी पेशींत बदल झालेले असतात, असंही घडतं. वरच्या मार्गाचं सीटी झालंय का, पुढची तपासणी कधी, हे विचारून तारीख फाइलवर लिहा.