कड्याकपारीतल्या वनस्पती शोधायला निघालात? या चुका टाळा

सह्याद्रीतल्या कितीतरी दुर्मीळ वनस्पती नेमक्या अडचणीच्या जागी उगवतात. शिंदळ माकुडी कड्याच्या कपारीत, कंदीलपुष्पाच्या अनेक जाती तीव्र उतारावरच्या गवतात. फुलतात त्याही पावसाळ्यात, म्हणजे कातळावर शेवाळ आणि समोर धुकं असताना. दरवर्षी नवी मुलं शास्त्रीय नावं पाठ करून येतात. पाय आणि दम तयार करून येणारं क्वचितच कुणी असतं. तीन महिने आधीपासून पाठीवर ओझं घेऊन जिने चढा, असं मी सांगतो आणि ते कुणालाच आवडत नाही.

रोप दिसलं की हात पुढे करणं

मी पाहिलेले बहुतेक अपघात यातूनच झालेत. आपला कातळ लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. टणक थर उभा राहतो, ठिसूळ थर झिजतो आणि मधे अरुंद टप्पे सुटतात. त्या टप्प्यांवर वीतभर माती साठते आणि तिच्यात गवत, तेरडा, कंदीलपुष्प रुजतं. मुळं कातळात गेलेली नसतात, वरच्या मातीतच पसरलेली असतात. ती माती भिजली की गवताचा झुबका मुळासकट हातात येतो.

कारवी या झुडपाचं आणखी वेगळं. हिरवी कारवी चिवट असते, घाटात सगळेच तिचा आधार घेतात. पण ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. मेलेल्या काठ्या नंतरही जागच्या जागी उभ्या राहतात. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला अशाच एका फुलोऱ्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही गेलो होतो. वाटाड्या काकांनी सकाळीच बजावलं होतं, "वाळली कारवी धरू नका पोरांनो, ती दगा देती." दुपारी एका विद्यार्थ्याला खालच्या टप्प्यावर कंदीलपुष्प दिसलं. त्याने एका हातात कॅमेरा घेतला, दुसऱ्या हाताने कारवी धरली आणि वाकला. काठी मोडली. तो घसरत गेला आणि खालच्या टप्प्यावर अडकला म्हणून वाचला, पण घोटा मोडला होता. वाडीतली माणसं बांबू आणि घोंगडी घेऊन वर आली. भर पावसात, त्या निसरड्या नाळेतून, म्हणजे उभ्या अरुंद घळीतून, त्यांनी त्याला डोली करून खाली आणलं तेव्हा रात्र झाली होती. त्या माणसांनी आपले जीव धोक्यात घातले, तेही एका फोटोपायी. हे मला अजून सलतं.

माझी सवय सांगतो. रोप दिसलं की मी आधी थांबतो. सॅक उतरवून आतल्या बाजूला ठेवतो आणि खाली बसतो. मग छोट्या दुर्बिणीतून पानांची मांडणी, फुलाचा रंग आणि आकार बघून घेतो. बसल्या जागेवरून हात पोचत नसेल तर झूमने फोटो काढायचा, नोंद करायची आणि पुढे जायचं. नमुना खरोखरच हवा असेल तर दोर लावायचा, पण दोर विकत घेतला म्हणजे दोरकाम येत नाही. ते आधी जाणत्या माणसाकडून शिका.

आणि कंद उकरू नका. टप्प्यावरची माती सुटते, रोप मरतं. फुलाची रचना हवी असेल तर एक फूल स्पिरिटच्या बाटलीत पुरतं.

उतरण्याचा हिशोब न ठेवणं

चढताना दम लागतो, पण गुडघे जातात ते उतरताना. त्यात पाठीवर ओले नमुने, ओली रद्दी आणि रद्दीत नमुने दाबून वाळवायचा लाकडी प्रेस. प्रेस कड्यावर नेण्याचा हट्ट मला कधीच कळला नाही. तो पायथ्याच्या घरी ठेवा, वर फक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या न्या आणि संध्याकाळी नमुने दाबा. दुपारी एक वाजला की मी असेन तिथून परत फिरतो. "सर, अजून दहाच मिनिटं" हे वाक्य मी मोहिमेत चालू देत नाही. परतीला सरळ उतरणारी घळ जवळची वाटते, पण पाऊस वाढला की ओढा तिथूनच येतो. ज्या वाटेने चढलात तिनेच उतरा.

बाकीच्या चुका

जीन्स घालून येणं. भिजली की ती जड होते आणि पाय उचलू देत नाही.

गमबूट सड्यावर, म्हणजे सपाट कातळाच्या पठारावर ठीक, कड्यावर नाहीत.

चालता चालता नोंदी करणं. पाय थांबल्याशिवाय पेन्सिल काढू नका.

पावसाळा संपला म्हणजे धोका संपला असं समजणं. नोव्हेंबरमधलं वाळलं गवत घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उतारावर, ओल्या कातळाइतकंच घसरतं. ऑक्टोबरच्या उन्हात अंगातलं पाणी भराभर जातं, ओआरएसची पुडी जवळ असू द्या. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात, तेव्हा उघड्या सड्यावर थांबू नका.

अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे मारून कड्याखाली जाणं. आग्या मोहोळं तिथेच असतात.

वनविभागाची परवानगी न घेता अभयारण्यात शिरणं. अडकलात तर तुम्ही कुठे आहात हे कुणालाच माहीत नसतं.

दगड उघड्या हाताने उलटणं. सड्यावर दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो. आधी काठीने हलवा. चावलंच तर कापू नका, आवळून बांधू नका. हात-पाय स्थिर ठेवून १०८ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. ते जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशीच विचारून वहीत लिहून ठेवा, कारण वर गेल्यावर रेंज मिळेलच असं नाही.