फिल्टर व्हील घरी करायचं तर: गच्चीवर नेण्याआधीची तयारी

दसऱ्यानंतर सोलापूरचं आकाश खरं उघडतं आणि ते दिवस पुरवून वापरावे लागतात. म्हणून फिल्टर व्हील, म्हणजे दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यासमोर फिल्टर बदलणारं फिरतं चाक, घरी करायचं असेल तर ते श्रावण-भाद्रपदात, वर ढग असताना उरकायचं. मोनोक्रोम (कृष्णधवल) कॅमेरा घेतला की रंगांसाठी एल (सगळा दृश्य प्रकाश), आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा) आणि तेजोमेघांसाठी एच-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश), ओ-थ्री (ऑक्सिजनचा प्रकाश) असे फिल्टर एकेक करून सेन्सरसमोर आणावे लागतात. अंधारात चाचपडत आटे उघडून हाताने फिल्टर बदलायचा उद्योग ज्याने एका रात्रीत तीनदा केलाय, त्याला चाक कशाला हे सांगायला नको. चाक फिरवणं कुणालाही जमतं. दर वेळी ते त्याच जागी थांबवताना घाम निघतो. खालची बहुतेक तयारी त्या थांबण्यासाठीच आहे.

आधी व्हर्नियर आणि कागद. सव्वा इंची फिल्टरची मोकळी काच साधारण २६ मिमी असते. ती पुरेल का हे बघायला फिल्टर ते सेन्सर अंतराला दुर्बिणीच्या एफ-रेशोने (फोकल लांबी भागिले व्यास) भागा आणि उत्तर सेन्सरच्या कर्णात मिळवा. माझा सेन्सर चौकोनी, कर्ण १६ मिमी. फिल्टर २० मिमी पुढे, दुर्बीण एफ/५. सोळा अधिक चार, वीस. भागतं. एपीएस-सी सेन्सरवाल्यांचा कर्णच २८ मिमीच्या आसपास असतो, त्यांनी मोठे फिल्टर धरूनच आराखडा काढावा, नाहीतर कोपरे काळे येणार. चाकात फिल्टर बसायची घरं पाच ठेवा. सातचा मोह मलाही झाला होता. पण शेजारशेजारच्या फिल्टरांच्या केंद्रांत ३४ मिमी अंतर धरलं तर पाच घरांचं चाक ९२ मिमीत बसतं, सातचं ११२ मिमीवर जातं आणि चाकाची डबी कुठे ना कुठे आडवी येते. घर रिकामंही ठेवू नका: २ मिमी जाडीची काच फोकस साधारण ०.७ मिमी मागे सरकवते, त्यामुळे रिकाम्या घराचा फोकस बाकीच्यांशी कधीच जुळत नाही. रिड्यूसर किंवा फ्लॅटनर (कॅमेऱ्यापुढची जादा भिंगं) लावत असाल तर त्यांच्यापासून सेन्सरपर्यंतच्या ५५ मिमी अंतराच्या हिशोबातही हे ०.७ धरा.

चाक थ्री-डी प्रिंट करायच्या मटेरियलबद्दल माझं मत पक्कं आहे: पीएलए प्लास्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. माझं पहिलं चाक एप्रिलमधल्या एका दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलं आणि संध्याकाळी पापडासारखं वाकडं होऊन बाहेर आलं. पीईटीजी प्लास्टिक ८० पर्यंत टिकतं. मधला हब मात्र ॲल्युमिनियमचा, लेथवर करून घेतलेला बरा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारी वर्कशॉपं आहेत, त्यांना बारीक काम अवघड जात नाही. ड्रॉइंग मात्र मिमीमध्ये आणि टॉलरन्स लिहून द्या. माझं ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघत लेथवाल्या काकांनी विचारलं होतं, ‘मालक, हे कुठल्या मागाला बसतंय?’ कॅमेऱ्याच्या बाजूचे एम४२, ०.७५ पिचचे आटे प्लास्टिकमध्ये काढायच्या भानगडीत पडू नका. तयार धातूची रिंग घेऊन स्क्रूने बसवा.

आता मोटर. २८बीवायजे-४८ ही छोटी पाच व्होल्टची स्टेपर (ठरावीक स्टेपनी फिरणारी मोटर) स्वस्त आहे आणि पुरते, पण तिच्या दोन खोडी माहीत हव्यात. सगळीकडे तिच्या एका फेऱ्याला २०४८ स्टेप लिहिलेल्या असतात. आतल्या गिअरचं खरं गुणोत्तर ६३.६८ च्या जवळ असल्याने त्या प्रत्यक्षात २०३८ च्या आसपास भरतात. दर वेळी ‘मागच्या जागेपासून इतक्या स्टेप पुढे’ असा प्रोग्रॅम लिहिला तर चूक साचत जाते आणि मध्यरात्री हिरवा फिल्टर अर्धाच सेन्सरवर येतो. म्हणून चाकात एक निओडिमियम चुंबक, डबीत चुंबक ओळखणारा एक हॉल सेन्सर, आणि मोजणी कायम त्या चुंबकाच्या खुणेपासून, कायम एकाच दिशेने. ए३१४४ हा हॉल सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला दाद देतो. चुंबक चिकटवण्याआधी दोन्ही बाजू दाखवून बघा. ॲरल्डाइट वाळल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं, अनुभव आहे.

दुसरी खोड म्हणजे गिअरची ढिलाई. तिचा मी उपयोगच करून घेतला. चाकाची कड दुमजली केली: खालच्या मजल्यावर मोटरचे दाते, वरच्या मजल्यावर पाच इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा. स्प्रिंग लावलेल्या दांडीच्या टोकाला १० मिमीचं बारकं बेअरिंग. मोटर चाकाला खाचेच्या तोंडापर्यंत आणते, बेअरिंग टक्कन आत पडतं आणि उरलेलं अर्धा अंश चाक स्वतःच ओढून घेतं. तेवढ्या अर्ध्या अंशाने काचेची जागा पाव मिमी सरकते, म्हणजे ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ६६-६७ पिक्सेल. खाचेत बसल्यावर मोटरचा करंट बंद करा, नाहीतर ती कॅमेऱ्याशेजारी तापत बसते. मोटरची वीज आरडुइनो नॅनोमधून (चाक चालवणारा छोटा कंट्रोल बोर्ड) न घेता १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वेगळ्या कन्व्हर्टरने घ्या.

प्रकाशगळतीपायी माझ्या तीन रात्री गेल्या. जागा ओळखायला आधी मी हॉलऐवजी ऑप्टिकल सेन्सर लावला होता. त्याचा इन्फ्रारेड एलईडी डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला लख्ख दिसतो. प्रत्येक फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात धुकं, आणि मी आपला हैद्राबाद रोडवरच्या दिव्यांना शिव्या देतोय. काही काळी प्लास्टिकंही इन्फ्रारेड आरपार सोडतात. प्रिंट केलेला तुकडा टीव्हीच्या रिमोटपुढे धरून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. ठिपका दिसला तर ते फिलामेंट बाद, किंवा आतून ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा. मोटर चालवणाऱ्या यूएलएन२००३ च्या बोर्डावर चार लाल दिवे असतात, तो बोर्ड डबीबाहेरच हवा.

धूळ ही आमच्या पूर्व भागाची खास अडचण. दिवसभर माग चालतात, हवेत सुताचं तूस तरंगतं आणि ते नेमकं काचेवर बसतं. फिल्टर बसवायचं काम पहाटे, पंखा बंद करून, फरशी ओल्या फडक्याने पुसून. काचेवर फक्त रबरी ब्लोअर, तोंडाने फुंकर अजिबात नाही.

मग टेबलावरची परीक्षा. शंभर वेळा घरं बदलू द्या, कान स्प्रिंगकडे. ‘टक्’ एकदाही चुकता कामा नये. हेच डबी आडवी, उभी, उलटी धरून करा, कारण दुर्बीण वळली की चाकाची जड बाजू खाली ओढते. त्यानंतर कॅमेरा लावून, पुढे झाकण घालून, पाच मिनिटांच्या दोन डार्क (काळोखातल्या फ्रेम) घ्या: एक ट्यूबलाइटखाली, एक सगळ्यावर सोलापुरी चादर दुहेरी टाकून. दोन्ही सारख्याच आल्या पाहिजेत. शेवटी एका फिल्टरची फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचा फोटो), चाकाचा पूर्ण फेरा, पुन्हा त्याच फिल्टरची फ्लॅट. पहिलीला दुसरीने भागा. सपाट करडं आलं तर जिंकलात. धुळीच्या गोल सावल्यांना एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला काळी कोर दिसली, तर चाक सरकतंय. बहुधा स्प्रिंग ढिली असते.

ॲस्कॉम किंवा इंडीचं (चाक कॉम्प्युटरला जोडणारी सॉफ्टवेअरं) जोडकाम घरीच, लाईट असताना करा. त्यात लिहिण्यासारखं विशेष नाही, फक्त सॉफ्टवेअरमधली फिल्टरांची नावं चाकातल्या क्रमाने टाका.

पहिली रात्र गच्चीवरच घालवा, हिप्परग्याच्या तळ्याकडे लगेच धावू नका. डिसेंबरात रोझेट तेजोमेघ इथून ७७ अंशांपर्यंत चढतो, एच-अल्फामध्ये तो शहरातूनही निघतो. चारही कोपऱ्यांतले तारे तपासा. एकाच बाजूचे लांबुळके असतील तर डबी तिरकी बसली आहे. तळ्याकडे जाल तेव्हा पिशवीत ॲलन की, जादा नॅनो, जादा स्प्रिंग, काळी चिकटपट्टी आणि ती चादर. स्प्रिंगा दोन घ्या. अंधारात पहिली गवतात उडते.